कुलूप, कडी आणि काच



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, तह, राज्याभिषेक आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु आपल्या रोजच्या वापरातील लहानसहान वस्तूंनाही इतिहास असतो. तो नीट वाचला तर माणसाच्या बुद्धीची वाटचाल त्यातही तितकीच स्पष्ट दिसते. आज मी अशाच एका लहान गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. आपण खिशातून मोबाईल काढतो, काचेवर बोट सरकवतो आणि तो उघडतो. दिवसातून कितीतरी वेळा आपण ही क्रिया करतो; पण ती तशीच का करावी लागते, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मलाही तो पडला नव्हता. तो पडण्याचे कारण घरगुती आहे. ते आधी सांगतो.

माझी अम्मी गावी राहते. तिचे वय सत्तरीच्या पुढे आहे. तिचा बटनांचा जुना फोन बंद पडला तेव्हा मी तिला काचेचा फोन घेऊन दिला. पण तो उघडण्याचे चार आकडे तिच्या लक्षात राहीनात. "बेटा, हे तुझे आकडे माझ्याने होत नाहीत," असे ती म्हणाली. मी आकड्यांचे कुलूप काढले आणि उत्साहाच्या भरात बोट सरकवण्याची पायरीही काढून टाकली. बाजूची कळ दाबताच फोन उघडावा, समोर माझे छायाचित्र यावे आणि त्यावर बोट टेकताच मला फोन लागावा, अशी सोय करून दिली. आपण आईचे मोठे काम सोपे केले, असे मला वाटले.

आठवडाभरातच एका रात्री तिचा फोन आला. पलीकडून बोलणे नाही. नुसती कापडाची खसखस आणि पावलांचा आवाज. मी घाबरून शेजाऱ्यांना फोन केला. अम्मी स्वस्थ होती. फोन कमरेला खोचलेला होता आणि तो आपणहून लागला होता. पुढे हे रोजचेच झाले. दोन महिन्यांनी तर तिचा फोन आला आणि पलीकडून आवाज आला नाही, की मी तो ठेवून देऊ लागलो. एके दिवशी शाळेत तास चालू असताना तसाच फोन आला. मी सवयीने बंद केला. त्या दिवशी अम्मी न्हाणीघरात पाय घसरून पडली होती, फोन तिनेच लावला होता आणि वेदनेने तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेजारीण येईपर्यंत ती तासभर तशीच पडून होती. आज ती बरी आहे. परंतु त्या तासाचा दोष मी कोणावर टाकणार? यंत्र बिघडलेले नव्हते. त्याची कडी मीच काढली होती.

तेव्हापासून मी या कडीचा इतिहास शोधू लागलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

कुलूप आणि कडी

'कुलूप' हा शब्द आपल्या मराठीत अरबी 'कुफ्ल' या शब्दावरून आला. कुलपाचे काम परक्याला अडवण्याचे. ज्याच्याकडे किल्ली किंवा खूण आहे त्यालाच ते उघडते. किल्लीवाचून केवळ खुणेने उघडणारे कुलूपही नवे नाही. अल्-जझरी या थोर यंत्रविशारदाने इ. स. १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात चार तबकड्या जुळवून उघडणाऱ्या कुलपाचे वर्णन केले आहे. आपल्या फोनवरचे चार आकडे हे त्याच कुळातले.

कडीचे काम मात्र निराळे आहे. स्वयंपाकघराच्या दाराला आपण बाहेरून कडी लावतो ती चोरासाठी नव्हे. कडी कोणीही काढू शकतो. ती असते मांजरासाठी, वाऱ्यासाठी, रांगत्या मुलासाठी. म्हणजे कुलूप विचारते, 'तू कोण?' आणि कडी विचारते, 'तू हे जाणूनबुजून करतो आहेस ना?' हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. अम्मीच्या फोनला पहिल्या प्रश्नाची गरज नव्हती, दुसऱ्याची होती. मी दोन्ही एकच समजलो, हीच माझी चूक.

मोबाईल येण्यापूर्वीही माणसाने या दुसऱ्या प्रश्नाचा विचार अनेक ठिकाणी केला होता. काडेपेटीचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काड्या कोणत्याही खरखरीत पृष्ठभागावर घासल्या की पेटत. खिशात घासून पेटल्या तरी त्यांना भेद कळत नसे. स्वीडनमधील गुस्टाफ एरिक पाश यांनी १८४४ साली पेटण्यास लागणारे द्रव्य विभागले. तांबडा फॉस्फरस काडीवर न ठेवता तो पेटीच्या बाजूस लावला. पुढे लुंडस्ट्रॉम बंधूंनी यॉनशॉपिंग गावी अशा काड्यांचे उत्पादन वाढवले. आता काडी पेटवायची तर ती पेटीच्या त्याच कडेवर घासली पाहिजे. ज्याला पेटवायची आहे त्याला यात कष्ट नाहीत. अपघाताला मात्र ती जागा सहसा सापडत नाही.

दुसरे उदाहरण औषधाच्या बाटलीचे. लहान मुले औषधाच्या गोळ्या गिळून दगावतात, हे पाहून कॅनडातील डॉ. हेन्री ब्रॉल्ट यांनी १९६७ साली, आधी तळव्याने दाबून मगच फिरवावे लागेल, असे झाकण पुढे आणले. दाबणे आणि फिरवणे या दोन्ही क्रिया सोप्या. पण त्या एकाच वेळी योगायोगाने घडणे कठीण. मित्रांनो, हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढील सगळा इतिहास याच सूत्राभोवती फिरतो.

काचेला बोट लागले

बोटाने चालणारा पडदा ही काल-परवाची वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार संशोधन संस्थेतून १९६५ सालीच अशा पडद्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला होता. विमानांच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्यांचे काम सुलभ व्हावे हा त्यांचा हेतू होता. पुढे जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत एक प्रचंड यंत्र उभे राहत होते. त्याच्या नियंत्रण कक्षासाठी हजारो बटने आणि चाव्या बसवण्याऐवजी थोड्या पडद्यांवर काम व्हावे, अशी फ्रँक बेक यांची कल्पना होती. बेंट स्टुम्पे यांनी १९७२ च्या मार्च महिन्यात त्यासाठी काचेवरील स्पर्श ओळखण्याची योजना लिहून दिली, आणि १९७६ साली ते यंत्र सुरू झाले तेव्हा असे पडदे प्रत्यक्ष वापरात होते.

हे पडदे टेबलावर स्थिर असत. त्यांना खिसा माहीत नव्हता. तरीही चुकीच्या स्पर्शाचा प्रश्न होताच, कारण बोट जाड असते आणि पडद्यावरील खूण बारीक. या प्रश्नाकडे अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाने शास्त्रीय दृष्टीने पाहिले. बेन श्नायडरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तीन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. बोट जेथे टेकेल तेच निवडले जावे, ही पहिली पद्धत. काचेवरून सरकताना बोट ज्या खुणेला प्रथम लागेल ती निवडली जावी, ही दुसरी. आणि बोट टेकवून, हवे तसे सरकवून, ते जेथून उचलले जाईल ती खूण निवडली जावी, ही तिसरी. या तिसऱ्या पद्धतीत चुका सर्वांत कमी झाल्या. कारण उघड आहे. टेकणे एका क्षणात होऊन जाते. उचलण्यापूर्वी मात्र माणसाला विचार बदलण्यास अवकाश मिळतो. फोनवर चुकीच्या चित्रावर बोट पडले तर ते तसेच बाजूला सरकवून मग उचलून पाहा. बहुधा काहीच होणार नाही. ती सवलत याच विचारातून आलेली आहे.

त्याच विद्यापीठातील कॅथरीन प्लेझाँ यांनी घरातील दिवे, उपकरणे इत्यादी चालू-बंद करण्यासाठी पडद्यावर निरनिराळी बटने आखून लोकांकडून ती तपासून घेतली. हे काम १९९१-९२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यातील काही बटने दाबायची नव्हती, तर सरकवायची होती. लोकांना दाबण्याची बटने अधिक पसंत पडली. परंतु सरकवण्याची क्रिया नुसत्या स्पर्शापेक्षा किंचित अवघड असल्यामुळे ती चुकून घडण्याचा संभव कमी, ही महत्त्वाची गोष्ट तेथे नोंदली गेली. पुढे वीस वर्षांनी या नोंदीला न्यायालयात किती महत्त्व येणार होते, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार!

खिशातला फोन

दरम्यान फोन टेबलावरून उठून माणसाच्या खिशात आला. मोटोरोला कंपनीने १९८९ साली काढलेल्या मायक्रोटॅक फोनला बटनांवर मिटणारे झाकण होते. ही कडीच म्हणायची. ज्या फोनांना झाकण नव्हते त्यांच्या बटनांना दुसरी युक्ती करावी लागली. नोकियाचे फोन ज्यांनी वापरले त्या पालकांना आठवत असेल, की आधी एक ठरावीक कळ आणि लगेच चांदणीची कळ दाबल्याशिवाय बटने उघडत नसत. दोन वेगळ्या कळा, ठरावीक क्रमाने आणि थोड्या अवधीत! औषधाच्या झाकणाचेच हे भावंड.

काचेच्या पडद्याचा प्रश्न याहून बिकट होता. बटनाला उंचवटा असतो. ते दाबायला जोर लागतो. काच सपाट आणि मुकी. बोटाला ती काही सांगत नाही आणि स्पर्शाखेरीज काही मागत नाही. आजच्या फोनांतील काच बहुतांशी आपल्या शरीराच्या विद्युतगुणामुळे बोट ओळखते. त्यामुळे खिशातील किल्लीने किंवा नाण्याने ती सहसा फसत नाही. परंतु पातळ कापडाआडून अंग लागले, घाम किंवा पाणी लागले, की तिला बोटाचा भास होऊ शकतो. कमरेला खोचलेला फोन आपणहून का लागत होता, याचे उत्तर येथे आहे.

या प्रश्नावर सरकवण्याचा उपाय प्रत्यक्ष फोनमध्ये आणण्याचा मान स्वीडनमधील निओनोड या छोट्या कंपनीकडे जातो. तिच्या एन-१ या फोनच्या २००४ सालच्या माहितीपुस्तिकेत, कळ दाबल्यावर पडद्यावर बोट उजवीकडे सरकवा म्हणजे फोन उघडेल, अशी सूचना होती. सुरक्षित काडीचा जन्म ज्या देशात झाला त्याच देशात ही काचेची कडीही तयार व्हावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत ॲपल कंपनीचा एक गट गुप्तपणे आयफोनवर काम करत होता. खिशात फोन आपणहून लागू नये ही चिंता त्यांनाही होती. त्या गटातील फ्रेडी अन्झुरेस हे सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला विमानाने जात असताना त्यांचे लक्ष विमानातील स्वच्छतागृहाच्या सरकत्या कडीकडे गेले आणि फोनची कडीही अशीच असावी असे त्यांना सुचले, अशी हकिकत ब्रायन मर्चंट यांनी आयफोनच्या इतिहासावरील आपल्या २०१७ सालच्या ग्रंथात दिली आहे. म्हणजे बघा, जगाला नवलाची वाटलेली ही कल्पना शेवटी दाराच्या कडीतूनच आली! आपल्या जुन्या वाड्यांच्या दारामागे भिंतीच्या भोकातून सरकणारी लाकडी आगळ असे. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात काहीच परके वाटू नये.

ॲपलने २३ डिसेंबर २००५ रोजी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन जगापुढे ठेवला. तेव्हा बोट सरकवून तो उघडून दाखवताना, खिशात चुकून घडणार नाही असे काहीतरी आम्हांला हवे होते, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

ही साधी कडी परिणामकारक का ठरली, याचा थोडा विचार करू. तिच्या चार अटी आहेत. बोट एका ठरावीक जागी टेकले पाहिजे. ते न उचलता सरकले पाहिजे. ठरावीक दिशेने सरकले पाहिजे. आणि शेवटपर्यंत पोहोचले पाहिजे. यातील एकही अट माणसाला जड नाही. परंतु खिशातील कापडाला या चारही अटी लागोपाठ पाळता येणे फार अवघड आहे. शिवाय बोट मध्येच उचलले तर चित्र आपल्या मूळ जागी परत जाते. कोणतेही नुकसान नाही, कोणतीही शिक्षा नाही. चुकणाऱ्याला पुन्हा संधी देणारी ही रचना मला शिक्षक या नात्याने विशेष भावली.

कडी कोणाच्या मालकीची?

यानंतरचा अध्याय न्यायालयातील आहे. सर्वच कंपन्या काचेचे फोन काढू लागल्या तेव्हा ही कडी आमची आहे, असा दावा ॲपलने केला. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात ॲपल आणि एचटीसी यांच्यातील खटल्यात ४ जुलै २०१२ रोजी निकाल लागला. निओनोडचा फोन आधीच अस्तित्वात असताना हे पुढचे पाऊल जाणकाराला सहज सुचण्यासारखे होते, म्हणून हे पेटंट टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जर्मनीतही २०१३ साली पेटंट न्यायालयाने आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असाच निर्णय दिला.

अमेरिकेत मात्र गोष्ट निराळी झाली. ॲपल आणि सॅमसंग यांच्यातील खटल्यात २०१४ च्या मे महिन्यात ज्यूरीने सॅमसंगला एकूण सुमारे ११ कोटी ९६ लाख डॉलर देण्यास सांगितले. त्यात तीन पेटंटे होती, त्यांपैकी एक या कडीचे. २०१६ च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला. निओनोडचा फोन आणि प्लेझाँ यांचे ते जुने संशोधन एकत्र पाहता कडीची कल्पना उघडच होती, असा त्यांचा विचार. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुमताने ज्यूरीचा निर्णय पुन्हा कायम केला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला.

एकच कडी, एकच पुरावा, पण दोन खंडांत दोन निकाल! विद्यार्थ्यांनी यातून एक बोध घ्यावा. शोध हा क्वचितच एका माणसाचा असतो. दाराची कडी करणारा अज्ञात सुतार, मेरिलँडचे संशोधक, स्वीडनची लहान कंपनी आणि अमेरिकेची मोठी कंपनी, या सर्वांचे हात त्याला लागलेले असतात. न्यायालयाला एका नावापुढे खूण करावी लागते. इतिहासाला सर्वांची नावे लिहावी लागतात.

आणि गंमत अशी, की अमेरिकेतील खटला संपण्यापूर्वीच ॲपलने स्वतः ही कडी काढून टाकली होती. २०१३ साली आयफोनच्या बटनात बोटाचा ठसा ओळखण्याची सोय आली. ठसा ओळखताना कुलूप आणि कडी ही दोन्ही कामे एकदमच होऊ लागली. २०१६ च्या सप्टेंबरात आलेल्या नव्या प्रणालीत सरकवून उघडण्याची जुनी रीत गेली. २०१७ साली चेहरा ओळखणारा फोन आला. त्यातही मालकाचे डोळे उघडे असून तो पडद्याकडे पाहतो आहे की नाही, हे तपासण्याची योजना आहे. म्हणजे कडीचे रूप बदलले, तरी तिचा प्रश्न कायम राहिला : 'तू हे जाणूनबुजून करतो आहेस ना?'

खोटी हाक आणि खरी हाक

येथवर वाचून कोणी म्हणेल, की चुकून एखादा फोन लागला तर एवढे काय बिघडले? चार पैसे जातील, इतकेच! या प्रश्नाचे उत्तर फार गंभीर आहे.

संकटकाळी फोन उघडत बसण्यास वेळ नसतो. म्हणून बटनांच्या जुन्या फोनांतही कळा बंद असताना आपत्कालीन क्रमांक लावण्याची वाट मुद्दाम मोकळी ठेवलेली असे. हेतू उत्तम होता. पण माणसासाठी मोकळी ठेवलेली वाट खिशालाही मोकळी राहिली. ब्रिटनमध्ये ९९९ या क्रमांकावर अशा मुक्या हाका मोठ्या संख्येने येऊ लागल्या. त्या गाळण्यासाठी २००२ साली एक व्यवस्था सुरू झाली. मोबाईलवरून बोलणारा गप्प राहिला तर त्याला ५५ हे आकडे दाबण्याची सूचना मिळे. न दाबल्यास फोन चुकून लागला असे समजून तो तोडला जाई.

२०१३ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील एका स्त्रीने मध्यरात्री ९९९ लावला. तिच्या जिवाला धोका होता आणि ती बोलू शकत नव्हती. तिने ५५ दाबले नाही. व्यवस्थेने नियमाप्रमाणे फोन तोडला. त्याच रात्री तिचा खून झाला. पुढे २०१९ साली तेथील पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, बोलता येत नसेल तर खोका, काचेवर टकटक करा, ५५ दाबा, अशी मोहीमच हाती घेतली.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. त्या गोष्टीतील मुलगा मुद्दाम खोटे बोलत असे. येथे कोणीच खोटे बोलले नव्हते. असंख्य निरपराध खिशांनी नकळत हाका मारल्या आणि त्यांच्या गलबल्यात एक खरी हाक बुडाली. मी वर्गात उभा राहून अम्मीचा फोन बंद केला, तेव्हा माझ्याकडून नेमके हेच घडले होते.

आपल्या देशातही हा प्रश्न आला आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने २०१६ च्या एप्रिल महिन्यात नियम केला, की १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये संकटकाळचे बटन असावे. साध्या फोनांत ५ किंवा ९ ची कळ दाबून धरायची, आणि काचेच्या फोनांत चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबायची, अशी त्यात तरतूद होती. २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशापासून ११२ या एकाच आपत्कालीन क्रमांकाची व्यवस्था सुरू झाली आणि ती पुढे देशभर पसरली. एकदा दाबणे नव्हे, तीनदा. नुसते दाबणे नव्हे, दाबून धरणे. या शब्दांकडे आता आपण नव्या नजरेने पाहू शकतो. घाबरलेल्या मुलीच्या थरथरत्या बोटाला जमावे, पण दप्तरातील पुस्तकाला जमू नये, एवढ्यासाठी घातलेली ती कडी आहे.

ही कडी किती घट्ट असावी, हे ठरवणे सोपे नाही. काही अँड्रॉइड फोनांत कळ पाच वेळा दाबली की आपत्कालीन क्रमांक लागतो, अशी सोय २०२१ नंतर आली. २०२३ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेने ९९९ वर येणाऱ्या हाका विक्रमी झाल्याचे सांगितले आणि त्याच्या कारणांत या सोयीचाही उल्लेख केला. पाच वेळा दाबण्याची क्रियाही खिशात घडू शकते, हे तेव्हा सर्वांना कळून आले. कडी सैल केली तर खोट्या हाका वाढतात. घट्ट केली तर खरी हाक आतच अडकते. हा तोल एकदा साधला आणि कायमचा साधला, असे होत नाही. यंत्र बदलले की तो पुन्हा साधावा लागतो.

समारोप

पालकहो, या लेखाचा शेवट मी दोन विनंत्यांनी करतो. पहिली अशी, की घरातील अम्मी-अब्बा, दादी-नानी यांच्या हाती फोन देताना तो सोपा करण्याच्या नादात त्याची कडी काढू नका. कुलूप नको असेल तर नसू द्या, पण बोट सरकवण्याची एक पायरी राहू द्या. आपत्कालीन सोय कोणत्या कळेने चालू होते, ते स्वतः पाहा आणि त्यांनाही शांतपणे शिकवा. दुसरी विनंती अशी, की चुकून ११२ लागलाच तर घाबरून फोन तोडू नका. पलीकडच्या माणसाला स्पष्ट सांगा की चुकून लागला, सर्व ठीक आहे. तुमच्या त्या एका वाक्याने त्याचा वेळ वाचेल, आणि तो वेळ खऱ्या संकटात सापडलेल्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या यंत्रे तयार कराल, काहीजण ती दुरुस्त कराल आणि सर्वजण ती वापराल. यंत्र जितक्या सहज चालू होईल तितके चांगले, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ज्याला हवे त्याला सहज आणि ज्याला नको त्याला मुळीच नाही, असे जे चालू होते ते चांगले यंत्र.

अम्मीच्या फोनवर आता बोट सरकवल्याशिवाय काही उघडत नाही. ही क्रिया शिकायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितले, "अरे, ही तर आपल्या मागच्या दाराची कडी!" मी या लेखात जे सांगण्यासाठी इतकी पाने घेतली, ते तिने एका वाक्यात सांगितले. आता तिचा फोन आला, आणि पलीकडून आवाज नसला, तरी मी तो ठेवत नाही. तास चालू असला तरी मुलांना क्षणभर थांबा असे सांगतो आणि ऐकतो.